तुझ्या कानांबद्दल बोलणारी माणसं

दादा, तुझ्या दहाव्याला जमलेल्या माणसांची मला किळस आली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना उगाच गोड बोलायची वेळ येणार नाही.

नदीला पाणी नव्हतं. यंदा कुठेच नाही. वाळूत खड्डा करून त्यात टँकरचं पाणी ओतलं होतं आणि त्याच गढूळ पाण्यात सगळ्यांनी अंग भिजवल्यासारखं केलं. पिंड मांडून झाले. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पण खाली यायला तयार नव्हते. शांतावहिनीनं हात जोडले, "पोरींची काळजी करू नका, मी हाय," म्हणाली. कावळा आला नाही. मी म्हणाले, वहिनीला अंतर देणार नाही. तरी आला नाही. मग मिरजगावहून आलेले आपले नानाकाका पुढे झाले. "त्याचं मन त्या कानाच्या मशिनीत गुतलंय," ते म्हणाले, "आना ती हिकडं."

कुणीतरी सायकलवर साखर कारखान्याच्या वसाहतीत, तुमच्या घरी गेलं आणि तुझा हेडफोन घेऊन आलं. नानाकाकांनी तो मेलेल्या घोरपडीसारखा वायरीला धरून उंच केला. तो बघायला सगळी गर्दी त्यांच्याभोवती जमली, पिंडांपाशी कुणी उरलं नाही आणि अर्थातच कावळा उतरला. भुकेला होता बिचारा. पण झालं, सगळ्यांना उत्तर सापडलं. "बघा! मी म्हणलो नव्हतो?" "ह्या भुताच्या बाजानंच कान खाल्लं त्याचं." "कान गेलं म्हणून ट्रकखाली गेला." पांढऱ्या कपड्यातले कामगार कल्याण अधिकारी मान डोलवत म्हणाले, "आम्हीही तेच ऐकून आहोत." तुझ्या मरणाचं कारण घरातच सापडलं म्हणून त्या माणसाच्या चेहऱ्यावर जी शांती पसरली, दादा, ती मी विसरणार नाही.

आणि तू? तू असतास तर हसला असतास. त्याचाही मला राग येतो.

त्या बाजाची शिसारी मला या सगळ्यांच्या आधीपासून आहे. गेल्या वर्षीच्या दिवाळीला मी तुझ्याकडे आले, तेव्हा तू दार उघडल्या उघडल्या म्हणालास, "कमे, तुला एक नवं गाणं ऐकवतो." कारखान्यात नवीन यंत्र बसवायला आलेला जर्मन साहेब परत जाताना त्याचा जुना टेपरेकॉर्डर आणि फितीचं एक स्पूल तुला देऊन गेला होता. त्याचं मराठी शून्य, तुझं इंग्रजी शून्य, तरी तुमची मैत्री कशी झाली ते देव जाणे. तू मोठ्या भक्तिभावानं ती फीत चढवलीस, बटण फिरवलंस, आणि तुझ्या त्या पत्र्याच्या छपराखाली जे सुरू झालं त्याला आवाज म्हणावं की दुखणं, मला कळेना. कुणी गात नव्हतं. कुणी वाजवतही नव्हतं. तू सांगितलंस की ते विजेच्या यंत्रातून काढलेले आवाज आहेत, त्याला वाद्य लागत नाही. तुंबलेल्या मोरीतून पाणी गडगडत जावं तसं काहीतरी खालून सरकत होतं, पुन्हा पुन्हा तेच, तेच. आणि त्याच्यावर एक बारीक घंटी. काचेवर नख ओढावं तशी. माझे दात आंबले.

"बंद कर ते," मी म्हणाले. "गडगड एक वेळ सोसेन. ती घंटी सहन होत नाही."

"कुठली घंटी?" तू विचारलंस.

मला वाटलं तू थट्टा करतोयस. मुलींच्या शाळेत गाणं शिकवणाऱ्या बहिणीची थट्टा करणं हा तुझा जुना उद्योग. आपण भांडलो. मी म्हणाले, ज्याला सा नाही, सम नाही, गळा नाही, ते गाणंच नाही. आबांच्या पखवाजावर वाढलेल्या माणसानं असलं ओकारी आणणारं ऐकावं? तू म्हणालास, "आबांच्या पखवाजात तरी गळा कुठं हुता? धुमच हुती ना?" मी म्हणाले, त्या धुमेला, त्या डाव्या पुडीच्या घुमाऱ्याला, माणसाचा हात होता. तू म्हणालास, "ह्यालाबी कुना मानसानंच जुळवलंय. आपोआप न्हाई झालं." हा वाद तिथेच राहिला. पुढच्या प्रत्येक भेटीत आपण तो तिथूनच उचलायचो.

त्या आवाजाला वसाहतही कंटाळली होती. शेजारची म्हणायची, तुमचं मशीन लागलं की म्हैस पान्हा चोरती. शांतावहिनी काही म्हणायची नाही, पण तू फीत चढवलीस की ती मागच्या अंगणात जाऊन भांडी घासत बसायची, घासलेलीसुद्धा. म्हणून तू ठरवलंस की हेडफोन घ्यायचा. आवाज तुझ्या कानात राहील, जगाला त्रास नको. आणि त्यासाठी सुट्टीच्या दिवशी तू नगरला माझ्याकडे यायला लागलास. तुझ्या शर्टाला मळीचा आंबूस, जळका वास यायचा. केसांना यायचा. तू आणलेल्या शेवेच्या पुड्यालासुद्धा यायचा. मी खिडक्या उघडायची आणि तू म्हणायचास, "साखरंचा वास हाय, कमे. गोडबोल्या मानसागत, आतनं आंबलेला."

पहिल्यांदा आपण कापड बाजारातल्या रेडिओवाल्याकडे गेलो. त्यानं एका कानात घालायची पांढरी गुंडी दाखवली. तू ती कानात खुपसलीस आणि लगेच काढलीस. "ह्यात डास बोलतोय," म्हणालास.

मग भिंगारला, लष्कराचं मोडीत काढलेलं सामान विकणाऱ्याकडे. तिथं मात्र तू रमलास. टाचा झिजलेले बूट, गंजलेले डबे, तंबूंचे दोर, आणि एका पेटीत काळ्या हेडफोनांचा गुंता, रणगाड्यांतून काढलेले. तू एकेक उचलून कानाला लावून बघत होतास. त्यांच्या रबराला चिकट थर बसला होता. कुणाकुणाचा घाम, कुणाच्या कानातला मळ, कुणाच्या केसांचं तेल. एका रबराला तर एक केस चिकटलेला होता, आणि तू तोही कानाला लावलास! मी तुझा हात धरून ओढला.

"दादा, घाण आहे ती! कुणी घातलं असेल, जगलं असेल की मेलं असेल, काय माहीत!"

"मेल्याला काय रोग हुतो व्हय?" तू म्हणालास, आणि दुकानदाराच्या रेडिओची तार त्याला जोडून ऐकायला लागलास. मग तुझं तोंड पडलं. "बोलनं लई साफ करतोय ह्यो. पर ह्याला तळ न्हाई."

तळ हा तुझा शब्द. मी त्याला खर्ज म्हणते. आवाजाच्या खाली जी जमीन असते, जिच्यावर बाकीचं उभं राहतं. तू दुकानदाराला समजावत होतास, की बोलण्यासाठीचा हेडफोन वेगळा आणि ह्या बाजासाठीचा वेगळा; बोलण्याला वरचा आवाज लागतो, ह्याला खालचा; तळ नसला तर ह्या गाण्यात उरतंच काय? दुकानदार ऐकत नव्हता. मी ऐकत होते आणि मला फक्त साबणानं हात धुवायचे होते.

मग कुणीतरी सांगितलं की भिंगार कॅम्पातले एक मेजर बदलून चाललेत, परदेशातून आणलेलं बरंच सामान काढतायत. आपण गेलो. मेजर नव्हते. त्यांच्या बाईंनी व्हरांड्यात बसवलं. बाई पंजाबी, बोलायला मोकळ्या. त्यांच्याकडे दोन हेडफोन होते. एक हलका, कानांवर पिवळा स्पंज, उचलला तर हातात काही आहे असं वाटू नये. दुसरा काळा आणि जड, कानाला पूर्ण झाकणाऱ्या दोन वाट्या, त्यांच्या कडेला मऊ फुगीर गाद्या. मला पिवळा आवडला. निदान स्वच्छ तरी दिसत होता, आणि स्पंज काढून धुता येतो असं बाई म्हणाल्या. तू बरोबर आणलेली फीत त्यांच्या मशीनवर चढवलीस आणि पहिल्यांदा पिवळा कानाला लावलास.

मी वेताच्या खुर्चीत समोर बसले होते. त्या स्पंजातून आवाज बाहेर झिरपत होता. गडगड नाही, फक्त वरचं वरचं. आणि ती आलीच. घंटी. बारीक, चरचरीत, थेट दाताच्या मुळाशी. बाईंनी कपाळावर हात मारला. "हाय रब्बा, ये टनटन तो सिर में लगती है!"

तू डोळे किलकिले करून ऐकत होतास. मग मान हलवलीस. "पातळ लागतोय. तळ न्हाई, आन वरतीबी काई न्हाई."

"वरती घंटी आहे ना," मी म्हणाले.

तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. "काय?"

"घंटी. आत्ता वाजतेय ती."

"तू दिवाळीपास्नं काय घंटी घंटी लावलंय गं? कुठंय घंटी?"

दादा, घंटी तुझ्या दोन्ही कानांना चिकटलेली होती. मी चार हातांवर बसून ऐकत होते. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्या उठून आत गेल्या, चहा सांगायला म्हणून. तू काहीच न कळल्यासारखा पिवळा हेडफोन उतरवलास आणि काळा चढवलास.

काळ्यातून बाहेर काहीच येत नव्हतं. मला फक्त तुझं तोंड दिसत होतं. हळूहळू तुझा जबडा सैल पडला, तोंड अर्धवट उघडं राहिलं, एक हात छातीवर गेला. खरं सांगते, ते बघणं मला नकोसं झालं. इतकं उघडं कुणी कुणासमोर होऊ नये. मी बागेतल्या सुकलेल्या गुलाबांकडे बघत बसले.

"हाच," तू कितीतरी वेळानं म्हणालास. "ह्यो हाडात जातोय."

काळा विकत घेऊन आपण निघालो. कॅम्पातल्या हॉटेलात चहा घेताना मी तुला विचारलं, कधीपासून ऐकू येत नाही. तू टाळाटाळ केलीस. मग बशीत चहा ओतून घेतलास आणि बशीकडे बघत सांगितलंस.

"पाखरं गेली पयली. मग शांतीच्या बांगड्या. मग कुकराची शिट्टी. वरचं वरचं सगळं गेलंय बघ. मानसं बोलत्यात ते आयकू येतं, पर शब्द कळत न्हाईत, समदी तोंडात भात घेऊन बोलल्यागत. तोंडाकडं बघितलं की कळतं."

"आणि माझं गाणं?"

"आयकू येतं की. पर त्याला धार न्हाई. पान्यातनं आल्यागत येतं."

म्हणजे गेली दोन वर्षं तू माझ्या गाण्याला यायचं टाळत होतास, ते यासाठी. मी काय काय मनात घेऊन बसले होते!

सेंट्रिफ्युगलवर, म्हणजे साखर गरगर फिरवून मळीतून सुटी करतात त्या यंत्रांवर, तू ऐन तारुण्यापासून होतास. मी एकदाच आत आले होते, पदरानं कान गच्च दाबून, आणि कानात शिट्टी घेऊन परत गेले होते. दोन दिवस ती शिट्टी गेली नव्हती. तू सांगितलंस की कानांचं तुम्ही मशीनवरच्यांनी वर सांगून बघितलं होतं. उत्तर मिळालं, कापूस घाला. कापूस घातला की मशीनचा बिघडलेला सूर कळत नाही आणि मशीन बिघडलं की बोलणी बसतात, म्हणून तुम्ही तो काढून टाकायचात.

"डॉक्टरला दाखवू," मी म्हणाले. "आणि साहेबांना स्पष्ट सांग."

"सांगितलं की मशीनवरनं काडत्याल. आवारात झाडू मारायला लावत्याल. मला त्ये जमायचं न्हाई, कमे." आणि मग तू ती युक्ती सांगितलीस. तुझी ती चोरट्या पोरासारखी युक्ती. "आता हाक आयकू आली न्हाई की मी म्हननार, घरी हेडफोन लावून बाजा आयकत हुतो, कान बधिर झाल्यात, उतरंल सांजपतुर. हसत्याल आन सोडून देत्याल. तूबी आलीस की मला वरडत जा सगळ्यांम्होरं. कानाची वाट लावून घेशील म्हन. म्हंजे खरं वाटंल. आन खरं काय त्ये कुनाला सांगू नगंस, शांतीलाबी न्हाई, माजी शपथ हाय."

मला तेव्हाही शिसारी आली. खोट्याची नव्हे, ते खोटं तुला बोलावं लागत होतं याची. तरी तू माझा थोरला भाऊ. मी तसं केलं. वसाहतीत आले की तुझ्या मित्रांसमोर कंबरेवर हात ठेवून ओरडायची आणि तू खाली मान घालून गालात हसायचास.

त्या हॉटेलात मी अजून एक विचारलं होतं. म्हटलं, जगात एवढं गाणं पडलंय, तुला हेच घाणेरडं का आवडावं? तू बशी खाली ठेवलीस. "बाकीची गानी मला आर्दी येत्यात. वरचा आर्दा भाग कुनीतरी कापून नेल्यागत. मंग आटवून आटवून भरावा लागतो. ह्ये एकच सबंद येतं. ह्यातलं माजं काई ऱ्हात न्हाई."

मी म्हणाले, "घंटी राहते."

"ती तू आयक," तू म्हणालास. "मला सांगत जा."

नंतर एकदा तुझ्या घरी मी तो काळा हेडफोन स्वतः लावून बघितला. आधी गाद्या ओल्या फडक्यानं चार वेळा पुसल्या. तुझ्या कानांच्या घामानं त्या तुकतुकीत झाल्या होत्या. लावला, आणि आवाज चढवायला बटणाकडे हात नेला तर तू थांबवलंस. तू ते अगदी हलकं ठेवत होतास. तेवढंच तुला पुरत होतं, कारण तो तळ तुला हाडांतून पोचत होता. मी ऐकलं. गडगड, सरसर, घंटी, गडगड. मला ते बेडकाच्या पोटात बसल्यासारखं वाटलं. काढून टाकला. तू उत्सुकतेनं बघत होतास. "घाणेरडं आहे," मी म्हणाले. तू खूश झालास. मी खोटं बोलत नाही याचा तुला कोण आनंद व्हायचा.

मग तो दिवस. उसाअभावी हंगाम लवकर आटपत आला होता. भर दुपारी तू आवारातून जेवायला घरी निघालास. मागून उसाचा रिकामा ट्रक उलटा येत होता. क्लीनर शिट्टी वाजवत होता. बारीक, चरचरीत शिट्टी, सगळ्या आवारानं ऐकली. लोक ओरडले. तू चालत राहिलास.

पुढचं मी लिहिणार नाही.

कारखान्यातल्या माणसांनी खांदा दिला, वहिनीच्या घरी डबे पाठवले, तुझा मशीनवरचा मित्र रंगनाथ तर लहान पोरासारखा रडला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. किळस मला येते ती तेराव्यानंतर घरी आलेल्या त्या कल्याण अधिकाऱ्यांची. खुर्चीच्या अगदी कडेला बसले, न जाणो कपड्यांना काही लागेल. म्हणाले, वहिनींना बालवाडीत काम देऊ, खोलीही राहू देऊ, फक्त प्रकरण उगाच ताणू नये. मग माझ्याकडे वळून, "ताई, तुम्ही तर त्यांना किती समजवायचात! आमच्या लोकांनी ऐकलंय. कानाची वाट लावून घेशील, म्हणायचात ना? शोकसभेत तेवढे दोन शब्द बोला. बाकीच्या कामगारांनाही बोध होईल."

माझेच शब्द. आपली लबाडी, दादा, तुझी आणि माझी, तू मशीनवर राहावंस म्हणून रचलेली. ती त्यांनी उचलून, पुसून, स्वतःच्या बचावाला लावली होती. मी वहिनीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. मी "बघू" म्हणाले आणि ते गेल्यावर त्यांच्या उष्ट्या कपात बोट न घालता तो मोरीत नेऊन ठेवला.

शोकसभा कारखान्याच्या शेडमध्ये झाली. पुढे खुर्च्यांवर साहेब लोक आणि कचेरीतले, मागे सतरंज्यांवर कामगार. एकामागून एक उठून तुला चांगलं म्हणत होते. तू ज्यांना आयुष्यभर टाळलंस ते तुझे जिवलग निघाले. मग अधिकारी उठले. भानुदास मिस्त्री संगीताचे शौकीन होते. पण अतिरेक वाईट. घरी कानाला यंत्रं लावून बसू नका बंधूंनो, हीच त्यांना श्रद्धांजली. आता त्यांच्या भगिनी, ज्या स्वतः संगीत शिक्षिका आहेत, दोन शब्द बोलतील.

मी उठले. माइक बाजूला सरकवला. मला रडू येत होतं, ते खरं होतं, आणि मी तोंडावर पदर घेतला. बायका घेतात तसा. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. पदराआडून मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "सेंट्रिफ्युगलवर काम करणाऱ्यांनी कृपा करून उभं राहावं."

खुर्च्यांवरची सगळी डोकी मागे वळली, कोण उभं राहतंय ते बघायला.

कुणी उभं राहिलं नाही. तुझी माणसं सतरंजीवर बसून माझ्याकडे बघत होती. रंगनाथ डोळे पुसत होता. सगळ्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया, आणि माझं एक अक्षर कुणापर्यंत पोचलेलं नव्हतं.

मी पुन्हा तेच म्हणाले. पदर तसाच. शेवटी कचेरीतला एक कारकून न राहवून मागे ओरडला, "अरे उठा की! ताई तुम्हाला उठायला सांगतायत!"

रंगनाथ गडबडून उठला. कानामागे हात धरून, सगळी शेड घुमेल अशा आवाजात म्हणाला, "काय म्हनल्या ताई? रडू नका. जरा मोट्यानं बोला."

मी पदर खाली घेतला. "रंगनाथ, तुझ्या घरी हेडफोन आहे का?"

त्यानं माझ्या ओठांकडे बघितलं. तुझ्यासारखंच. "न्हाई ताई. आमच्याकडं साधा रेडू बी न्हाई."

"तुझ्या शेजारी बसलेत त्यांच्याकडे?"

रंगनाथनं खाली वाकून, ओरडून त्यांना विचारलं. माना हलल्या. नाही. नाही. नाही.

मी खाली बसले. दुसरं काही बोलले नाही. साहेब लोकांत कुजबुज झाली, कुणीतरी म्हणालं, अशा प्रसंगी हे बरं नव्हे. अधिकाऱ्यांनी घाम पुसला आणि दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितलं. ती शांतता दोन मिनिटंही टिकली नाही. मागून कामगार एकमेकांना मोठमोठ्यानं विचारत होते, काय झालं, काय म्हणल्या, आणि ज्याला कळलं तो दुसऱ्याला ओरडून सांगत होता.

आता म्हणतात, पुढच्या हंगामाआधी सगळ्यांचे कान तपासायचे. तपासतील की नाही, माझा भरवसा नाही. वहिनीचं बालवाडीचं काम मात्र मोडलं नाही. आता मोडणं त्यांना अवघड आहे, एवढ्या माणसांनी पाहिल्यावर. तू मला सांगू नको म्हणाला होतास ते मी चारचौघांत सांगितलं. रागवायचं असेल तर रागव. तू मशीनवरून उतरू नये म्हणून मी गप्प होते. आता उतरायला तू आहेस कुठे?

सभेनंतर वहिनी आणि मी स्वयंपाकघरात बसलो होतो, मी पीठ मळत होते. मी तिला म्हणाले, हे तुला आधी सांगायला हवं होतं, पण दादानं शपथ घातली होती. ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "मला म्हाईत न्हवतं व्हय? बांगड्या वाजवून बघायची मी त्यांच्या पाठीमागं. रोज बघायची. आज तरी वळत्याल, आज तरी." भाकरी तव्यावर टाकून तिनं हात पुसले. "मग बांगड्या वाजवनं सोडलं. खांद्याला हात लावूनच बोलायला शिकले."

तू तिच्यापासून लपवत होतास आणि ती तुझ्यापासून. एका खोलीत. मला तुमच्या दोघांचा इतका संताप आला की मी पिठाच्या हातानं तिला मिठी मारली.

आपला वाद राहिलाच. मी अजून त्याला गाणं म्हणत नाही, दादा. मेलास म्हणून म्हणणार नाही. तळ आहे, मान्य. माणसानं जुळवलंय, तेही मान्य. पण गळ्याशिवाय आणि हाताशिवाय मला ते पटत नाही आणि त्या घंटीचं तर नावच नको. तू काहीतरी उलटं बोललं पाहिजेस, म्हणजे मला पुढचा मुद्दा सुचेल. मी इथे एकटी एकाच बाजूनं किती भांडू?

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नगरला निघाले. गाडीवर घालवायला रंगनाथ आणि मशीनवरचे सगळे आले होते. थांब्यावर मळीचा वास दाटला होता. गाडीत बसलेली माणसं नाक दाबून त्यांच्याकडे बघत होती, कारण ते एकमेकांशी भांडल्यासारखे ओरडून बोलत होते. ते भांडत नव्हते. पिशवी कुणी वर ठेवायची एवढंच ठरवत होते. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "काय अडाणी माणसं, केवढ्यानं बोलतात!"

गाडी सुरू झाली, इंजिनाचा खडखडाट वाढला. रंगनाथनं खिडकीच्या गजांना धरून काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा कळलं: परत कवा येनार?

मी खिडकीतून तोंड बाहेर काढलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि एकेक अक्षर ओठांवर ठेवत, सावकाश म्हणाले, "येते."